बापूंची थंडगार जाळी

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी एका मोटारसायकलखाली आडवा होतो. "रहीम मिस्त्री, चाळीस वर्षं गॅरेज चालवलंत, अनुभव लिहा," ते म्हणाले. मी म्हटलं, साहेब, चाळीस वर्षं मी प्लग साफ केले, ते वाचून लोक झोपतील. टाकीत पेट्रोल नाही हे न पाहता दोन कोस गाडी ढकलत आणणारे पाहिले. डिक्कीतल्या डब्यात चमचा वाजत होता आणि मला अख्खं इंजिन खोलायला लावलं, असे एक मास्तरही पाहिले. पण असे लोक प्रत्येक मिस्त्रीकडे येतात.

"मग काय लिहाल?"

"मी एका माणसाला फसवलं होतं. ते लिहितो."

संपादक हसले. मग म्हणाले, "तेच लिहा."

ज्यांना फसवलं त्यांना विचारूनच लिहितोय. नाव बदलायचं, एवढीच त्यांची अट होती. म्हणून इथे त्यांना नुसतं बापू म्हणतो. आमच्या साखरखेर्ड्यात तेवढ्या मिशा एकाच माणसाला आहेत, त्याला माझा इलाज नाही.

पण बापूंच्या आधी शोभाताई. सुरुवात त्यांच्यापासून झाली, आणि हे सांगायला मी एकदा चुकलो आहे, दुसऱ्यांदा चुकायचं नाही.

शोभाताईंच्या नवऱ्याची गावात पिठाची गिरणी. शेत पाहायच्या त्या स्वतः. बैलजोडी विकल्यावर त्यांनी एका जुन्या मोटारसायकलचं मागचं चाक काढलं, वेल्डरकडून दोन चाकांचा सांगाडा बसवून घेतला आणि त्यामागे डवरा जोडला. डवरा म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधलं तण खरवडून काढायचं अवजार. साडीचा काचा मारून, वरून लांब बाह्यांचा शर्ट चढवून त्या सोयाबीनमध्ये गाडी अशी चालवायच्या की ओळ सुतात राहायची. स्वतःचं झालं की दुसऱ्यांच्या वावरातही जायच्या.

एका श्रावणात पाऊस उघडला आणि डवरणीची घाई सुरू झाली. त्या गॅरेजवर आल्या त्या गाडीच्या इंजिनाला ओलं पोतं गुंडाळूनच.

"रहीमभाई, गाडी तापून राह्यली. वीस मिनटं चालवली का अर्धा घंटा लिंबाखाली उभी करा लागते."

"पोतं काऊन गुंडाळलं?"

"पाणी टाकत होती. तुमी म्हटलं होतं का गरम इंजिनावर पाणी टाकू नका, तडकते. मंग पोतं गुंडाळलं."

मी इंजिन तपासायला बसलो. त्या म्हणाल्या, "इंजिनात काही नाही पाहा. रस्त्यानं मलकापूरपावतर नेली तरी तापत नाही. वावरात तापते. हवेचा घोळ आहे."

मी पाना खाली ठेवला. चाळीस वर्षांत एवढं नेमकं दुखणं सांगणारं गिऱ्हाईक मला दुसरं भेटलं नाही.

घोळ खरंच हवेचा होता. साध्या मोटारसायकलच्या इंजिनात पाणी नसतं. इंजिनाच्या अंगावर पातळ पाती असतात, गाडी पळते तेव्हा त्यांच्यामधून वारा जातो आणि इंजिन थंड राहतं. वावरात गाडी माणसाच्या चालीनं चालते, जोर मात्र घाट चढल्यासारखा लावते. वारा नाही आणि आग दुप्पट. आतलं तेल मग पाण्यासारखं पातळ होतं, पिस्टन घासायला लागतो, आणि एका क्षणी जागेवर चिकटतो. आम्ही म्हणतो, इंजिन जाम झालं.

यावर मोठ्या गाड्यांमध्ये एक इलाज असतो. इंजिनातलं तेल एका नळीनं बाहेर काढायचं, पुढे लावलेल्या बारीक जाळीतून फिरवायचं आणि दुसऱ्या नळीनं परत आत सोडायचं. ऑईल कूलर म्हणतात त्याला. मलकापूरला हायवेवर एका भंगारवाल्याकडे ठोकलेल्या मोठ्या गाडीची अशी जाळी मी पाहून ठेवली होती. ती आणली. चिखलीच्या लेथवर तेलाच्या फिल्टरचं नवीन झाकण करून घेतलं, दोन तोंडांचं. एका तोंडातून तेल जाणार, दुसऱ्यातून येणार. छाती फुगवून मी ते शोभाताईंना दाखवलं.

त्यांनी जाळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "रहीमभाई, इंजिनाले हवा लागत नाही म्हणून ते तापते. मंग या जाळीले हवा कुठून लागन?"

माझी छाती खाली बसली. शेवटी गावातल्या कॉम्प्युटर क्लासवाल्यानं टाकून दिलेल्या डब्यांमधले दोन छोटे पंखे काढले, बॅटरीवर चालणारे, आणि जाळीमागे बसवले. कल्पना त्यांचीच.

चूक मात्र माझी. तेलासाठी जाड दाबाची नळी लागते. माझ्याकडे नव्हती, म्हणून मी पेट्रोलची साधी नळी लावली आणि म्हटलं, चालतंय. दुसऱ्या दिवशी वावरात ती नळी फुगली आणि फाटली. उकळतं तेल शोभाताईंच्या मनगटावर उडालं. मी धावत गेलो तर त्या बांधावर हात पाण्यात बुडवून बसलेल्या.

"माफ करा ताई."

"नळी बदला," त्या म्हणाल्या. "अन् जाळी काढू नका बरं. फाटेपावतर लय मस्त चालली."

मग मी चिखलीला जाऊन ट्रॅक्टरची नळी घेतली, दोन्ही टोकांना लोखंडी तोंडं दाबून बसवलेली. जाळीत नि नळ्यांत जेवढं तेल मावतं तेवढं इंजिनात जास्तीचं भरलं. त्यानंतर शोभाताईंची गाडी सकाळपासून जेवणवेळेपर्यंत एका दमात चालायला लागली. मनगटावरचा डाग अजून आहे. माझ्या हातचं काम दाखवताना लोक हँडल दाखवतात, टाकी दाखवतात. मला आधी तो डाग दिसतो.

आता बापू.

बापू गावचे माजी उपसरपंच. वय साठीच्या पुढे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि एक मोटारसायकल, जी ते रोज घरापासून बसस्टँडवरच्या हाटेलपर्यंत चालवत. अंतर चारशे पावलं. तिथे गाडी अशी लावायची की येणाऱ्या-जाणाऱ्याला तिला वळसा घालूनच जावं लागेल.

दिवाळीनंतर एका सकाळी ते पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आले. पुण्याच्या मुलाकडून मागवलेलं. उघडलं तर आत नवीकोरी जाळी, सोनेरी नळ्यांसकट.

"लाव," बापू म्हणाले.

"बापू, तुमच्या गाडीले कायले पायजे? तुमची गाडी तापतच नाही."

"शोभीच्या गाडीले लागते अन् माह्या गाडीले नाही लागत?"

मी समजावलं. इंजिन नीट गरम होणंही गरजेचं असतं. तेल कोमटच राहिलं तर आतला ओलावा उडत नाही, तेलाचा चिखल होतो. चारशे पावलांत तुमचं इंजिन धड जागं होत नाही, त्यावर जाळी लावून त्याला आणखी झोपवू नका.

"तुले लावता येत नसन तं तसं सांग. चिखलीले नेतो."

हे शब्द लागले. आणि मला राग आला की माझ्या अंगात शैतान येतो, हे जमीला, माझी बायको, लग्नापासून सांगत आली आहे. मी म्हटलं, "येता का सांजच्याले? लावून ठेवतो."

जाळी मी अगदी मधोमध बसवली. सोनेरी नळ्या इंजिनाच्या बाजूनं सुंदर वळवून खाली नेल्या. आणि इंजिनाखालच्या पत्र्याला दोन बोल्ट मारून त्यांची टोकं तिथेच आवळून टाकली. जाळीत तेलाचा थेंब गेला नाही. इंजिन होतं तसं राहिलं, त्याच्या भल्यासाठीच. मजुरी मी घेतली नाही. तेवढीच माझी इमानदारी.

संध्याकाळी बापूंनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मिशीवर हात फिरवला आणि म्हणाले, "आता कशी गाडी दिसून राह्यली!"

घरी जमीलाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "तुमको शरम नहीं आती? बुजुर्ग आदमी है," म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. दोघांनाही त्या दिवशी ते फार पापाचं वाटलं नाही.

पुढचं मात्र माझ्या हिशेबाबाहेरचं होतं. बापूंनी जाळीचं प्रदर्शन मांडलं. हाटेलासमोर गाडी लावायची आणि दिसेल त्याला बोलवायचं. "ये बे इकडे. लाव हात. लाव जाळीले."

तो लावायचा.

"कशी आहे?"

"थंडगार आहे बापू."

"चिखलीपासून चालवत आणली आत्ता," बापू बेधडक सांगायचे. "बर्फ आहे बर्फ!"

भर उन्हाळ्यात लोक त्या जाळीला हात लावून जायचे. एक म्हातारबुवा तर चहा येईपर्यंत तळवा तिथेच ठेवून बसायचे. बापू सांगायचे, गाडीचा आवाज मऊ झाला, मायलेज वाढलं, गाडी चालवताना गुडघे दुखायचे तेही थांबले. आणि शेवटी, "तालुक्यात अशी जाळी पहिल्यांदा लावली ती आपण."

मी तिथेच बाकावर बसलेला असायचो. एकदाही म्हणालो नाही, की पहिली शोभाताईंची. बापूंच्या बोलण्यानं माझ्याकडे गिऱ्हाईक येत होतं. जालन्याकडचे लोकही विचारत यायचे, "थंड जाळीवाला मिस्त्री कोणता?" मी बशीत चहा ओतायचो आणि फुंकर मारायचो.

पुढचा श्रावण आला, पावसानं पुन्हा उघडीप दिली. एका सकाळी मी हाटेलात गेलो तर बापूंची गाडी जागेवर नाही.

"बापू कुठी गेले?"

"वावरात," चहावाला म्हणाला. "तुमाले नाही माहीत? चिखलीच्या वेल्डरपासून शोभाताईसारखा सांगाडा करून आणला ना चोरून. आज सहा एकर डवरतो म्हणे, न थांबता. काल पैज लावून गेले इथून. म्हणे, शोभी जेवाले तरी थांबते, मी थांबतच नाही."

मी चहा न घेताच उठलो. चारशे पावलं चालणारं इंजिन, त्याला डवरा, वारा नाही, आणि जाळी शोभेची. मी पान्यांची पिशवी उचलली आणि सुटलो.

वावर शोभाताईंच्या बांधाला बांध लागून. लांबूनच बापू दिसले. पांढरा शर्ट, डोक्याला उपरणं, पाठ ताठ. गाडीचा आवाज चिरका झाला होता आणि करपल्याचा वास बांधापर्यंत येत होता. मी चिखलातून धडपडत त्यांच्या बाजूला पोचलो आणि ओळीतून सोबत चालायला लागलो.

"बापू, गाडी थांबवा!"

"काऊन?"

"जरा पाहू द्या, आवाज बदलला."

"बदलू दे. जाळी आहे ना!"

"बापू, जाळीचंच पाहायचं आहे!"

"जाळी एक नंबर आहे. तू पिकात पाय नको देऊ बे."

ओळीच्या टोकाला वळण घ्यायला ते थांबले, तेवढ्यात बांधावरून शोभाताई उतरून आल्या. त्यांनाही वास आला होता. इंजिन सुरूच होतं. त्या वाकल्या आणि सरळ जाळीला बोट लावलं. लावताना आधी बोट पटकन मागे घेतलं, भाजण्याची सवय असलेल्या माणसासारखं. मग पुन्हा लावलं. मग अख्खा पंजा ठेवला.

"बापू, जाळी थंडी काऊन आहे?"

"थंडीच राहते!" बापू गरजले. "त्याच्यासाठीच तं लावली!"

इंजिन भट्टी झालेलं आणि जाळी थंड, याचा अर्थ तिथे एकाच माणसाला कळला. शोभाताईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी सोयाबीनकडे पाहिलं. त्या वर्षी सोयाबीन खरंच छान आलं होतं.

"बापू, गाडी बंद करा," त्या म्हणाल्या. "मी सांगते म्हणून करा."

"तुह्या पुढे जाऊन राह्यलो म्हणून सांगते काय?" असं म्हणत बापूंनी गिअर टाकला. गाडी दहा पावलं गेली. मग आतून एक कर्कश किंकाळी आल्यासारखा आवाज झाला आणि मागची दोन्ही चाकं जागच्या जागी थांबली. बापू टाकीवर आदळले. उपरणं उडून पुढच्या ओळीत पडलं.

आजूबाजूच्या वावरातून चार-पाच जण धावत आले. बापू खाली उतरले, शर्ट झटकला. "रहीम, काय झालं?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. खरं सांगायची तीच वेळ होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "नळीत कचरा आला असन बापू. खोलून पाहा लागन."

शोभाताई पुढे झाल्या. गाडी टेम्पोत चढवायला त्यांनीही हात लावला. सगळे पांगल्यावर मात्र माझ्याजवळ आल्या.

"उद्या सकाळी बापूले सांगजा. नाही तं परवा मी सांगन."

"सांगतो ताई."

"मले हसू येऊन राह्यलं, खोटं काऊन बोलू," त्या म्हणाल्या. आणि मग हसणं थांबलं. "पण एक विचारते. हाटेलात पहिली जाळी बापूची, असं वरीसभर चालू आहे. तुमी तिथीच बसून राह्यता ना, रहीमभाई?"

त्यांनी बाही खाली ओढून मनगट झाकलं आणि बांध चढून गेल्या. नुसतं ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी बापूंच्या घरी गेलो. ते ओसरीवर आरसा टेकवून मिशा कातरत बसले होते. एक बाजू झाली होती, दुसरी बाकी. हातात कैची असताना सांगू की नको, असा मी विचार केला, पण थांबलो असतो तर पुन्हा कचऱ्याचीच गोष्ट तोंडातून आली असती.

सगळं सांगितलं. बोल्ट, पत्रा, सगळं.

कैची थांबली. "म्हणजे जाळीत तेल नव्हतं?"

"कधीच नव्हतं."

"मंग ते थंडी..."

"तेल गेलं असतं तं गरम झाली असती बापू. गरम होणं हेच तिचं काम आहे. इंजिनातली आग बाहेर काढते ते."

त्यांनी आरशात पाहिलं. "म्हणजे मी अख्ख्या गावाले रिकाम्या डब्ब्यावर हात ठेवायले लावला."

"हाव."

"तू हसला असशील."

"हसलो."

"किती?"

"पहिले दोन महिने रोज. मंग सवय झाली."

मला वाटलं, आता कैची येते. पण बापूंची नजर भलतीकडेच होती. "शोभीले कळलं?"

"हात लावला तवाच."

"अन् तिनं तिथी, त्या लोकांसमोर, काहीच नाही म्हटलं?"

"नाही."

बापूंनी कैची खाली ठेवली. दुसऱ्या बाजूची मिशी त्या दिवशी तशीच राहिली. मग म्हणाले, "इंजिन बनव. खर्च तुहा. जाळी खरी लाव, पंखेबी लाव. अन् गावात एक शब्द बोलला तं याद राख."

मी इंजिन खोललं. पिस्टनवर नखानं ओरबाडल्यासारख्या रेघा होत्या. सिलिंडर चिखलीहून बोअर करून, म्हणजे आतून पुन्हा गुळगुळीत करून आणला, नवा पिस्टन टाकला, फिल्टरचं दोन तोंडांचं झाकण केलं, सोनेरी नळ्या काढून ट्रॅक्टरच्या नळ्या लावल्या. तेल जाळीतून फिरतं की नाही, हे एक नळी ढिली करून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. एवढ्या काळजीनं मी स्वतःच्या मुलीच्या लग्नाचा मांडवही पाहिला नव्हता.

मग बापूंनी उरलेली डवरणी पूर्ण केली. सावकाश, मधे थांबून. आणि वावरातून सरळ हाटेलावर आले, चिखलानं माखलेल्या गाडीवर. मी बाकावर होतोच. रस्त्यापलीकडे शोभाताई, त्याही वावरातूनच आलेल्या, किराणा दुकानासमोर त्यांच्या गाडीवर सामानाचं पोतं बांधत होत्या.

ते रोजचे म्हातारबुवा सवयीनं उठले, जाळीवर तळवा ठेवला आणि बोंबलले, "अगं माय! भाजलं ना बे!"

लोक जमले. एकानं बोट लावून पाहिलं, त्यालाही चटका. सगळे माझ्यावर उलटले. "मिस्त्री, काय करून ठेवलं? पहिले कशी बर्फासारखी राहत होती. चांगल्या जाळीचं वाटोळं केलं तुमी!"

चाळीस वर्षांतलं माझं सगळ्यात चोख काम, आणि त्याच्यावर मी पहिल्यांदा शिव्या खात होतो. तोंड उघडायची सोय नव्हती. मी बापूंकडे पाहिलं. बापू मजेत होते. मला जेवढं सोसावं लागत होतं तेवढं त्यांनी सोसू दिलं, चहा अर्धा होईपर्यंत.

मग त्यांनी कप ठेवला आणि घसा साफ केला. उपसरपंच असताना ग्रामसभेत करायचे तसा.

"ऐका. मिस्त्रीले बोलू नका. जाळी गरमच राहते. खरी जाळी गरम राहते. माहीत नसन तं तिकडे जाऊन शोभीच्या गाडीले हात लावून पाहा."

एक पोरगेला गडी खरंच रस्ता ओलांडून गेला, शोभाताईंना विचारून हात लावला, आणि हात झटकत परत आला. "गरम आहे."

"त्या गाडीची पहिली," बापू म्हणाले. आवाज मुद्दाम मोठा, पलीकडे जाईल इतका. "तालुक्यातली पहिली जाळी शोभीची. तिचं पाहून मी लावली. आजपासून माही दुसरी."

"अन् वरीसभर होती ते बापू? ते थंडी?"

बापूंनी नव्यानं सारख्या कातरलेल्या मिशीवर हात फिरवला. "ते मधात एक होती," ते म्हणाले. "ते जाऊ द्या."

पलीकडे शोभाताईंनी पोत्याची गाठ आवळली. हसल्या की नाही, मला दिसलं नाही. किक मारताना बाही वर सरकली, ती त्यांनी खाली ओढली नाही. रस्त्याच्या या बाजूनं गाडी नेत त्या आमच्यासमोरून गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "बापू, उद्या तुमचा सांगाडा द्या एक दिवस. खालच्या वावरात दोन गाड्या लागतात."

बापू उठून उभे राहिले. "मीच घेऊन येतो," म्हणाले.